आतला आवाज कसा ओळखावा?



साधनेच्या वाटेवर थोडे पुढे आलेला जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो : ‘मला आतून जे वाटते, ती खरी अंतःप्रेरणा आहे की माझ्या मनाचाच खेळ?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ‘आतून वाटले’ म्हणून माणसे नोकरी सोडतात, नाती तोडतात, घरच्यांना दुखावतात. याउलट कित्येकांना आत सगळे लख्ख दिसत असते, पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने ते गप्प बसतात. पहिला आपल्या लहरीचा दास आणि दुसरा लोकांच्या मताचा. स्वतंत्र दोघेही नाहीत.

आपल्या परंपरेने या ज्ञानाचा विचार फार बारकाईने केला आहे. पतंजलींनी योगसूत्रांत ‘ऋतंभरा प्रज्ञा’ सांगितली, म्हणजे सत्याने भरलेली बुद्धी. पण ती कुठे सांगितली ते पाहा. आधी अभ्यास आणि वैराग्य आले, मग चित्ताची एकाग्रता आली, विचाराच्या पायऱ्या आल्या आणि त्या ओलांडल्यावर चित्त जेव्हा निर्मळ झाले, तेव्हा ही प्रज्ञा आली. विचार करण्याचा कंटाळा आला म्हणून डोळे मिटून घेतलेल्या माणसाला ती मिळेल, असे त्यांनी म्हटलेले नाही. अंतःप्रेरणा म्हणजे विचाराला दिलेली सुट्टी नव्हे. ती विचाराला आलेले फळ आहे.

याचे एक उदाहरण फरीदाबादच्या साधकांच्या अगदी जवळचे आहे. फरीदाबादहून मथुरेकडे जाणारी गाडी बल्लभगढ सोडल्यावर पलवलला येते. १९७९ ते २००८ या काळात पलवल फरीदाबाद जिल्ह्यातच होते. एप्रिल १९१९ मध्ये याच स्टेशनवर महात्मा गांधींना गाडीतून उतरवून पोलिसांच्या ताब्यात घेण्यात आले. पण ही कथा पलवलला सुरू होत नाही. ती त्या आधी काही आठवडे मद्रासमध्ये सुरू होते.

मार्च १९१९. रौलट कायद्याला विरोध करायचा हे गांधीजींनी ठरवले होते. तो कसा करायचा, हे मात्र सुचत नव्हते. मद्रासमध्ये ते राजगोपालाचारींकडे उतरले होते. रोज चर्चा होई, पण सभा घेण्यापलीकडे कार्यक्रम सापडेना. तेवढ्यात विधेयकाचा कायदा झाल्याची बातमी आली. त्या रात्री त्याच प्रश्नाचा विचार करता करता त्यांना झोप लागली. पहाटे नेहमीपेक्षा लवकर जाग आली आणि झोप व जागेपण यांच्या सीमेवर असताना एक कल्पना जणू स्वप्नात यावी तशी उमटली : साऱ्या देशाने एक दिवस आपला व्यवहार थांबवावा आणि तो दिवस उपवासात व प्रार्थनेत घालवावा. सकाळ होताच त्यांनी ती राजगोपालाचारींना सांगितली. त्यांना ती पटली, इतर सहकाऱ्यांनाही पटली. आधी ३० मार्च आणि मग ६ एप्रिल असा दिवस ठरला.

साधकहो, यातला क्रम लक्षात घ्या. आधी अनेक दिवसांचे मनन. मग ‘मला मार्ग सापडत नाही’ याची प्रामाणिक कबुली. मग शांतता. त्या शांततेत आलेला प्रकाश. आणि प्रकाश आल्यावरही ‘मला देवाने सांगितले, आता कोणी बोलू नका’ असा हट्ट नाही. सकाळी उठून तो विचार सोबत्यांपुढे ठेवला. खऱ्या अंतःप्रेरणेला प्रश्नांची भीती नसते. तपासणीला घाबरतो तो अहंकार.

आता पलवलचा प्रसंग पाहू. गांधीजी मुंबईहून दिल्ली आणि पंजाबकडे निघाले होते. गाडी पलवलला पोहोचण्याआधीच त्यांच्या हाती लेखी हुकूम देण्यात आला : पंजाबात प्रवेश करू नये, तुमच्या येण्याने शांतता भंगेल. त्यांनी उत्तर दिले की मी अशांतता वाढवायला नव्हे, शमवायला चाललो आहे. म्हणून हा हुकूम मला पाळता येत नाही. सोबत असलेल्या महादेवभाई देसाईंना त्यांनी दिल्लीला पुढे पाठवले, ते लोकांना शांत राहायला सांगण्यासाठी. पलवलला पोलिसांनी उतरवले तेव्हा त्यांनी प्रतिकार केला नाही आणि सुटकेसाठी विनवणीही केली नाही. तिथून त्यांना मथुरेला आणि नंतर मुंबईला नेऊन सोडण्यात आले.

नैतिक स्वातंत्र्य म्हणतात ते हे. हुकूम मोडला, पण मनात द्वेष नव्हता. जी किंमत द्यायची ती स्वतः दिली. इथे खऱ्या प्रेरणेची दुसरी खूण सापडते. जी प्रेरणा आपल्याला सोय देते आणि किंमत दुसऱ्याला मोजायला लावते, तिच्याकडे संशयाने पाहावे. जी आपल्याकडूनच काहीतरी मागते, तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे.

कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भागच साधकाला अधिक उपयोगी आहे. अटकेच्या बातमीने लोक खवळले. अहमदाबाद, वीरमगाम येथे हिंसा झाली. तेव्हा गांधीजींनी दोष केवळ सरकारवर किंवा जमावावर ढकलला नाही. लोकांची पुरेशी तयारी होण्याआधीच आपण त्यांना कायदेभंगाची हाक दिली, ही आपली हिमालयाएवढी चूक, असे त्यांनी उघड सांगितले. तीन दिवसांचा उपवास केला आणि १८ एप्रिलला सविनय कायदेभंग स्थगित केला. म्हणजे आतून उजेड मिळाला, तरी तो कृतीत उतरवताना विवेक जागा ठेवावाच लागतो. मागे फिरण्याची तयारी ही तिसरी खूण. लहरीला मागे फिरणे अपमानाचे वाटते. सत्याच्या शोधकाला तो शोधाचाच भाग वाटतो.

हे सारे थोरामोठ्यांपुरते आहे, असे समजू नका. समजा, तुम्ही फरीदाबादच्या एखाद्या कारखान्यात माल तपासण्याचे काम करता. महिनाअखेर आहे. ब्रेकच्या सुट्या भागांची पेटी आजच जायला हवी, चाचणी पुरी झालेली नाही आणि साहेब म्हणतात, ‘सही करा, पुढचे मी बघतो.’ भीती म्हणते, कर. राग म्हणतो, कागद फेकून दे आणि राजीनामा दे. नियमावली म्हणते, सही करू नकोस. पण का, ते नियम तुमच्या हृदयापर्यंत पोहोचवू शकत नाही. दोन मिनिटे शांत बसा. तो भाग ज्या गाडीत बसेल तिच्यातला माणूस डोळ्यांपुढे आणा. मग काय करायचे ते तुम्हाला दिसेल. ‘साहेब, आज रात्री थांबून मी चाचणी पुरी करतो, पण त्याआधी सही करणार नाही,’ हे वाक्य तेव्हा सौम्यपणे आणि ठामपणे बाहेर पडते. ते कोणी शिकवलेले नसते. नियम तोच असतो, पण आता तो तुमचा झालेला असतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सारे गुह्य ज्ञान सांगून झाल्यावर म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. केवढा हा विश्वास! प्रत्यक्ष भगवंतही आज्ञा लादत नाहीत. मात्र ‘पूर्ण विचार’ ही अट घालायला ते विसरत नाहीत. त्या अटीतून गेलेल्या माणसाची इच्छा ही लहर राहत नाही.

म्हणून आजपासून एक लहानसा नेम धरू या. रात्री झोपण्याआधी मनाला डाचणारा एकच प्रश्न घ्या. तो कागदावर एका वाक्यात लिहा. त्याच्या सर्व बाजू, विशेषतः आपल्याला न आवडणारी बाजू, दहा मिनिटे नीट पाहा. मग तो ईश्वराच्या चरणी ठेवून झोपा. सकाळी ध्यानानंतर जे स्पष्ट होईल ते तीन कसोट्यांवर लावा : हे मी माझ्या हितचिंतकाला मोकळेपणाने सांगू शकतो का? याची किंमत मी स्वतः देणार आहे का? चुकले तर मागे फिरायला मी तयार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्भयपणे पाऊल टाका. ‘नाही’ असेल तर थांबा. काही सकाळी काहीच स्पष्ट होणार नाही. तेव्हाही थांबा. वाट पाहणे हीसुद्धा साधनाच आहे.

ईश्वर आपल्या सर्वांची बुद्धी निर्मळ करो आणि जे दिसले ते आचरण्याचे बळ देवो, हीच प्रार्थना.