गोठ्यातले भाऊबंद

१७९८ साली तंजावरच्या भोसल्यांच्या भाऊबंदकीचा निकाल ईस्ट इंडिया कंपनीने लावला. अमरसिंह पायउतार झाले, तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजी गादीवर आले आणि अमरसिंह आपला छोटा दरबार घेऊन कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले. मराठी कागदपत्रांत या गावाचे नाव मध्यार्जुन असे येते. त्याच वर्षी लंडनमध्ये एडवर्ड जेन्नरचे गोस्तनदेवीवरचे पुस्तक छापून निघाले. गायीच्या सडांवरचे फोड माणसाला देवीच्या रोगापासून वाचवतात, हे त्यात पुराव्यानिशी मांडलेले होते. पुढे सरफोजींनी आपल्याकडे देवी काढण्याच्या कामाला पाठबळ दिले. त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांच्या औषधांबरोबर जनावरांच्या औषधांचेही काम चाले. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांत गजशास्त्र आणि अश्वशास्त्र आहे ते याच परंपरेतले.

माणूस आणि जनावर एका छपराखाली अभ्यासण्याची ती पद्धत आज निराळ्या रूपात परत येते आहे. रोग ओळखणाऱ्या रेणूंना, म्हणजे ग्राहींना, घडवणारी जनुके माणूस, गाय, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी यांच्यात शेजारी शेजारी ठेवून वाचली जात आहेत. या वाचनाबद्दल माझे एक स्पष्ट म्हणणे आहे. आपण ते अजून माणसाला मूळ प्रत आणि जनावराला नक्कल समजून करतो. नाते मात्र भाऊबंदांचे आहे. वाटणी झाल्यावर दोन्ही घरे आपापल्या गरजेप्रमाणे वाढली, आणि एका घराच्या वहीवरून दुसऱ्याचा हिशेब लागत नाही.

माणूस आणि गाय यांची वाटणी सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीची, कोंबडीशी आपली तीस कोटींहून जुनी. वाटणीत सर्वांना सारखाच ऐवज मिळाला. टी पेशीवरचा ग्राही आणि रक्तातले प्रतिपिंड हे दोन्ही जनुकांचे तुकडे जोडून तयार होतात. तुकड्यांच्या राशीतून एकेक उचलायचा, सांधताना थोडी काटछाट करायची, की दर पेशीला वेगळा ग्राही मिळतो. प्रतिपिंडांच्या बाबतीत हे उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७चे नोबेल मिळाले. ही युक्ती सर्वांकडे आहे, पण राशी सारख्या नाहीत. टी पेशीच्या बीटा साखळीसाठी माणसाकडे साधारण ६५ ‘व्ही’ तुकडे आहेत, गायीकडे १३४. गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत शंभरात पाचांच्या आसपास असतात. वासरात त्या निम्म्याहूनही अधिक असू शकतात. माणसाच्या अंगणात कोपऱ्यातले झुडूप म्हणून राहिले ते गायीच्या घरी मुख्य पीक झाले.

आता उलट बाजू बघा. प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी गायीकडे चालू स्थितीतले ‘व्ही’ तुकडे जेमतेम डझनभर, माणसाकडे चाळीसेक. एवढेच वाचले तर गाय दरिद्री ठरेल. पण तिच्या काही प्रतिपिंडांवर साठ-सत्तर अमिनो आम्लांचा लांबच लांब फास असतो, उंच देठावर गाठ असावी तसा. माणसात तो सहसा पंधराएक अमिनो आम्लांचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गायींना एचआयव्हीच्या आवरणातले प्रथिन टोचले. काही आठवड्यांत त्यांच्या रक्तात या विषाणूचे अनेक प्रकार निकामी करणारी प्रतिपिंडे आली. एका गायीत ३८१ दिवसांनी तपासलेल्या प्रकारांपैकी ९६ टक्के निकामी होत होते. माणसात अशी प्रतिपिंडे मोजक्याच रुग्णांना आणि तीही वर्षे लोटल्यावर साधतात. जिला एचआयव्ही कधी होत नाही तिच्याकडे त्याचे उत्तर असावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तुकड्यांची नुसती मोजदाद करून ती कधीच हाती लागली नसती.

कावेरीच्या मुखप्रदेशात भात निघाले की रिकाम्या खाचरांतून बदकांचे कळप फिरवतात. सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे खात बदके गावोगाव सरकतात, आणि वाटेत परसातल्या कोंबड्या भेटतात. बर्ड फ्लूच्या बहुतेक प्रकारांना बदक फारसे आजारी न पडता सोसते आणि त्याच प्रकारांनी कोंबड्यांची खुराडी रिकामी होतात. याचे एक कारण २०१०मध्ये समजले. विषाणूचा आरएनए पेशीच्या आत ओळखणारा ‘रिग-आय’ हा ग्राही बदकात आहे, कोंबडीच्या वंशात तो गळून गेला आहे. बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातल्यावर विषाणूची वाढ कमी झाली. कारण एवढे एकच नाही, हे खरे. तरी खाचराच्या बांधावर शेजारी चरणाऱ्या दोन पाखरांच्या नशिबातला फरक एका हरवलेल्या जनुकापर्यंत नेता येतो. पण ज्याला रोग सोसतो तोच तो गुपचूप वाहूनही नेतो. बदकाला वाचवणारे जनुक शेजारच्या खुराड्याला घातक ठरते. म्हणून ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ प्रतिकारशक्ती असे शब्द एका प्राण्यापुरते वापरून भागत नाही. गाव एकत्रच वाचावे लागते.

या वाचनाची भाषा ठरवण्याचे मोठे काम मारी-पॉल लफ्रां यांनी फ्रान्समधल्या माँपेलिए येथे १९८९मध्ये ‘आयएमजीटी’ ही माहितीप्रणाली उभारून केले. जनुकांना एकसारखी नावे, साखळीतल्या जागांना एकसारखे क्रमांक. ही शिस्त नसती तर तुलना अशक्य होती. पण नावे आधी माणसाच्या आणि उंदराच्या जनुकांना मिळाली, बाकीच्यांची नावे त्यांच्याशी असलेल्या साम्यावरून पडली. ज्याला माणसात जोडीदार नाही ते अडगळीत पडते. गायीच्या गॅमा-डेल्टा पेशींवरच्या एका ग्राहीचे नाव ‘डब्ल्यूसी१’, म्हणजे नुसता ‘कार्यशाळेतला गट क्रमांक एक’. माणसातल्या कशाशीच जुळेना, म्हणून नाव बैठकीच्या टिपणातलेच राहिले. त्याची १३ जनुके गायीत आहेत, आणि त्यांतले काही ग्राही लेप्टोस्पायरा जिवाणूला थेट चिकटतात. पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या भातशेतीत लेप्टोने माणसे दगावल्याचे ज्याने पाहिले आहे, त्याला या बिननावाच्या जनुकांचे मोल निराळे सांगायला नको.

मला इथे तंजावरी मराठी आठवते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजींबरोबर ती कावेरीकाठी रुजली आणि तीनशेहून अधिक वर्षे तमिळच्या सहवासात राहिली. पुण्याची मराठी कानात ठेवून ती ऐकणारा म्हणतो, बिघडलेली आहे. तिने जपलेली जुनी रूपे आणि जुळवून घेतलेल्या नव्या रचना त्याला चुका वाटतात. शहाजींच्या दोन मुलांच्या दोन घरांत वाढलेली ही एकच भाषा आहे, आणि दोन्ही घरे खरी आहेत.

त्या मुलखाची गाय उंबळाचेरी. ठेंगणी, आखूड पायांची, कपाळावर पांढरा चांद, चिखलाच्या खाचरात ओढकामाला पक्की. ट्रॅक्टर आल्यावर तिचे काम गेले, जर्सीच्या संकरापुढे तिचे दूध मोजण्याइतकेही उरले नाही. तिची रोग ओळखणारी जनुके आज आपण वाचायला बसलो तर समोर ठेवायला आधार कोणता? गायीचा पहिला पूर्ण जीनोम २००९मध्ये आला तो अमेरिकेतल्या हेरेफर्ड जातीच्या ‘डॉमिनेट’ नावाच्या गायीचा. वशिंडाच्या गुरांतला पहिला २०१२मध्ये आला, आणि तोही ब्राझीलच्या नेलोर बैलाचा. नेलोर म्हणजे आपल्या आंध्रातली ओंगोल. तिला स्वतःच्या नावाने ओळख मिळायला समुद्र ओलांडावा लागला. २०२१मध्ये हैदराबादेत तयार झालेली देशी गुरांसाठीची ‘इंडिगऊ’ ही चिप प्रसिद्ध झाली, त्याचे मला मनापासून समाधान आहे. पण चिप निवडक जागांवरची अक्षरे वाचते. ग्राहींच्या जनुकांत एकसारख्या प्रतींची रांग लागलेली असते. ती रांग किती लांब आहे, मधे कोण गळाले, कोण नवे आले, हे कळायला लांबच लांब धागे सलग वाचणारे तंत्रच लागते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला म्हणतो, माणसांचेच अजून पुरते वाचून झालेले नाही. त्याला उत्तर वर आलेच आहे. माणसासाठी एचआयव्हीचे सूत्र गायीने दाखवले. दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे, कारण तो प्रेमाच्या भाषेत बोलतो. देशी गाय मुळातच निरोगी, तिला तपासायचे काय? गोचिडातून होणाऱ्या थायलेरियाला साहिवाल होल्स्टिनपेक्षा चांगले तोंड देते, हे प्रयोगाने दिसले आहे. पण २०२२मध्ये लंपी चर्मरोग आला तेव्हा राजस्थान-गुजरातेत देशी गायी हजारोंनी मेल्या. एका रोगाला पुरी पडणारी जनुके दुसऱ्यापुढे उघडी पडतात. गोठ्यावर माया आहे असे म्हणणाऱ्याने कुठे कोण उघडे पडते हे शोधायला आधी पुढे यायला हवे. खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला यांच्याविषयी अभिमानाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्या टी पेशींच्या राशी मोजण्यासाठी मागणी केल्याचे एकही भाषण ऐकलेले नाही.

सरफोजींनी आपली सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने उभारलेले अन्नछत्र तंजावरजवळच्या ज्या ओरत्तनाडूत आहे, तिथेच आता पशुवैद्यक महाविद्यालय आहे. उंबळाचेरीचा मुलूख दारातच. जनुकांचा साठा जन्मभर तोच राहतो, त्यासाठी रक्त केव्हाही घेता येईल. पण त्या साठ्यातून वासरू प्रत्यक्षात काय उचलते आणि कसे जोडते हे पाहायचे, तर वेळ थोडा असतो. गॅमा-डेल्टा पेशींची गर्दी कोवळ्या वयात सर्वांत दाट असते आणि वाढीबरोबर ओसरत जाते. उंबळाचेरीचे वासरू जन्मतः तांबडे असते आणि सहाएक महिन्यांत करडे होते. नमुना ते तांबडे असतानाच घ्यायला हवा.