पाहुणा गुरुजी

दान हा शब्द आपल्याकडे फार पवित्र मानला जातो, आणि विद्यादानाचा मान तर सर्वांत मोठा. अन्नाने एका वेळची भूक भागते, विद्येने जन्माची सोय होते, असे आपण म्हणतो. म्हणूनच जो मनुष्य आपला देश सोडून, द्रव्याची आशा न धरता, परक्यांच्या मुलांना शिकवायला जातो, त्याच्यापुढे आपले मस्तक सहज लवते. ते लवावेही. पण हे दान घेणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, असे मात्र आपण क्वचितच विचारतो.

आफ्रिकेतल्या घानाचेच पाहा. ६ मार्च १९५७ रोजी तो देश स्वतंत्र झाला. पुढे शाळा भराभर वाढल्या आणि शिक्षक पुरेनात. १९६१ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ची पहिली तुकडी आक्राच्या विमानतळावर उतरली. पन्नासएक तरुण-तरुणी, सारे माध्यमिक शाळांत शिकवायला आलेले. उतरताच त्यांनी तिथल्या ट्वी भाषेत एक गीत म्हटले. उच्चार कसे होते कोण जाणे! पण शिकवायला येणाऱ्याने आधी चार शब्द शिकून यावे, यातच यजमानाचा मान राखला गेला.

दुसरी बाजू दिसायलाही फार दिवस लागले नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नायजेरियातल्या इबादान येथे, शिक्षिका होण्याची तयारी करणाऱ्या एका अमेरिकन स्वयंसेविकेने मायदेशी एक कार्ड लिहिले. तिथले लोक कसे मागासलेल्या स्थितीत राहतात, याचे त्यात वर्णन होते. ते कार्ड वाटेतच एका विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याच्या प्रती निघाल्या, निषेध झाला, आणि तिला परत जावे लागले. तिच्या मनात कपट होते असे कोणी म्हणणार नाही. गरिबी तर त्या विद्यार्थ्यांना तिच्याहून अधिक ठाऊक होती. त्यांना लागले ते एवढेच, की देणाऱ्याच्या डोळ्यांत आपले चित्र कसे उमटले आहे, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी वाचले.

मग परदेशी शिकवायला जाणाऱ्याने राहावे कसे? याचे उत्तर मोठ्या व्याख्यानांपेक्षा रोजच्या व्यवहारात सापडते. घानात कुणाकडे काम असले तरी आधी रामराम केल्यावाचून ते काढायचे नाही. डाव्या हाताने काही देणे-घेणे हा उद्धटपणा. जेवत बसलेला मनुष्य जवळून जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो, अगदी आपल्यासारखाच. कसावा आणि कच्ची केळी उकडून, उखळात कुटून केलेला फुफू उजव्या हाताने तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. हे सारे नवख्याला कोण शिकवणार? बाजारातली बाई, शेजारची आजी, आणि सकाळी ज्यांना गणित शिकवले तीच पोरे! ती खुदकन हसणारच. ते हसू ज्याला गोड मानून घेता येते, त्याचे शिकवणे तिथे रुजते.

तिथल्या अकान लोकांत मुलाला जन्मवारावरून नाव मिळते; शुक्रवारचा तो कोफी, शनिवारचा तो क्वामे. परक्या पाहुण्यालाही लोक त्याचा वार विचारून असेच नाव देतात. त्याची पदवी कोणती, त्याने किती दान केले, हे त्या नावात कुठेच येत नाही. आपल्यासारखाच हाही एका वारी जन्मला, एवढेच त्यात येते. दात्याला याहून मोठी दक्षिणा कोणती मिळणार?

तरीही एक खोच उरते. दोन वर्षांनी गुरुजी परत जातात. मुले तिथेच राहतात. मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना इव्हान इलिच यांनी १९६८ साली स्पष्टच सुनावले, की पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. बोल कठोर आहेत, पण अनुभवाचे आहेत. मात्र मला ते पुरे पटत नाहीत, आणि त्याचे कारण आपल्याच घरात आहे.

कारण एके काळी आपणही घेणाऱ्यांच्या रांगेत होतो. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली, आणि १८६२ मध्ये अहमदनगरलाच तिने देह ठेवला. ती मिशनची, तिचा हेतू धर्मप्रसाराचा. पण नगरच्या तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यांनी ज्योत घेतली, पण तेल आपले घातले, वात आपली वळली, आणि दिवा आपल्या कोनाड्यात ठेवला. बाहेरून आलेल्या गुरूचे काम सफल झाले ते इथे.

या दिवाळीत आपल्याही कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी परदेशी शिकवायला निघाली असेल. पेटीत पुस्तके भरताना तिला एवढेच सांगावे, की बाळ, तिथे कुणी ‘या जेवायला’ म्हटले तर आधी जाऊन बस. धडा काय, उद्या सकाळीही घेता येईल.