वड्याचें तेल

लहानपणीं वैरागच्या आठवड्याच्या बाजाराहून परतणाऱ्या गाड्यांतून आम्ही मुलें फुकटचा प्रवास करीत असूं. अशाच एका संध्याकाळीं ज्याच्या गाडींत मी बसलों होतों, त्या कुणब्याला अडत्यानें ज्वारीच्या मापांत उघड उघड नाडलें होतें. अडत्यापुढें तो हात जोडून उभा राहिला. "होय मालक" यापलीकडे शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. पुढें ओढ्याचा चढ लागला, डावीकडचा बैल क्षणभर अडला, आणि आसूडाच्या दांड्यानें त्यानें त्याला मारावयास आरंभ केला. चढ संपला तरी मार संपेना.

वड्याचें तेल वांग्यावर, असें म्हणून आपण अशा प्रसंगांची बोळवण करतों. राग "काढणें" हा प्रयोगही तसाच. जणूं राग म्हणजे रांजणांतलें पाणी, भरलें कीं कोठून तरी सांडणारच. ही उपमा मारणाराच्या फार सोयीची आहे. त्या कुणब्याचा राग चांगला जाणता होता. अडत्याच्या ओट्यावर तो निमूट बसून राहिला; वाटेंत पाटील भेटला तेव्हां रामरामही नीट झाला; आणि जेथून उलट फटका येणार नाहीं अशी खात्री पटली, तेथेंच तो बाहेर पडला. भान सुटावयाचें तर तें ओट्यावर सुटावयास नको होतें काय?

बैलावर निबंध लिहिण्याचें कारण नाहीं. परंतु वैरागच्या पूर्वेस कांहीं कोसांवर निजामाच्या राज्याची हद्द होती, आणि तिच्यापलीकडे १९४८ सालीं जें घडलें त्याचा विचार करतांना मला तो बैल आठवतो. लातुरास वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनीं त्या मुलुखांतील खेड्यांना लुटीनें व जाळपोळीनें सळो कीं पळो करून सोडलें. कुटुंबेंच्या कुटुंबें रातोरात हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे आलीं. १३ सप्टेंबरास भारतीय सैन्य सोलापुराहून नळदुर्गावर चालून गेलें, १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. रझाकारी संपली. त्यानंतर मात्र जे बळी पडले, त्यांत रझाकारांशीं कसलाही संबंध नसलेले असंख्य मुसलमान होते. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनीं सरकारच्या सांगण्यावरून त्या मुलुखांत हिंडून अहवाल दिला. मृतांचा त्यांचा अंदाज २७,००० पासून ४०,००० पर्यंत आहे, आणि अधिकांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, एक आहे. लष्करांतील कांहींचें वर्तनही त्यांनीं झांकलें नाहीं. कित्येक दशकें तो अहवाल दप्तरांतच राहिला.

त्यांतली एक गोष्ट आम्हां सोलापूरकरांना खालीं पाहावयास लावणारी आहे. हद्दीच्या आमच्या बाजूनेंही टोळ्या गेल्या होत्या. त्यांचें घर जळलें नव्हतें, त्यांची लेक पळविली गेली नव्हती. त्यांनीं दुःख उसनें घेतलें होतें. सोसलेल्या माणसाच्या दुःखाला निदान कोठें तरी थकवा येतो. उसन्या दुःखाला तो कशानें यावा?

ज्यांनीं खरोखर सोसलें, त्यांच्याविषयीं बोलतांना जीभ अडखळते. तरीहि माझें अनुमान असें आहे कीं, त्यांच्या रागांत शरमेचा वांटा मोठा असावा. भरलें घर टाकून, म्हातारीला पाठीशीं घेऊन जो रात्रीं पळाला, त्याला घर परत मिळालें तरी तें पळणें विसरतां येत नव्हतें. रझाकार तर निघून गेला. शेजारचा पिंजारी तेथेंच होता. त्यानें कांहीं केलें नव्हतें, त्यानें फक्त पाहिलें होतें. आपली लाचारी ज्यानें पाहिली त्याला क्षमा करणें, ज्यानें ती लादली त्याला क्षमा करण्याहून कधीं कधीं जड जातें.

त्याच वर्षाच्या आरंभीं, गांधीजींच्या हत्येनंतर, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे खुन्याच्या जातीचीं म्हणून ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या "वावटळ"चा विषय तोच आहे. तेथें तर तोंडीं नांव शोकाचें होतें, आणि तेंही एका अहिंसकाच्या.

मग सर्वच असे वागतात काय? त्याच अहवालांत नोंद आहे कीं, कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं स्वतः झीज सोसून मुसलमान विणकरांना वांचविलें. रझाकारांचा जाच त्यांनाही चुकला नसेल. पण ज्याच्याबरोबर एकाच सावकाराचें सूत आणलें, एकाच मंदीला तोंड दिलें, त्याला नुसत्या जमातीच्या नांवानें ओळखणें त्यांना जमलें नसावें. मारावयास आधीं माणसाचें नांव पुसावें लागतें, आणि तें त्यांच्याच्यानें पुसवेना.

त्या संध्याकाळचें एक सांगावयाचें राहिलें. मार थांबल्यावर त्या कुणब्यानें मागें वळून पाहिलें, तें बैलाकडे नव्हे, माझ्याकडे. अडत्याच्या दारांत तो हात जोडून उभा असतां मी गाडींतच बसलेलों होतों. पुढच्या बाजारीं त्यानें मला गाडींत घेतलें नाहीं.