वारे उतरल्यावर

पेण आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरवाड्यांत, आणि क्वचित पेठेतल्या शिकल्यासवरल्या घरांतही, भगताच्या अंगात वारे आले की त्याच्या मुखातून निघालेला शब्द त्याचा राहत नाही, तो देवाचा ठरतो. आणि वारे उतरल्यावर, आपण काय बोललो ते आपणास ठाऊक नाही, असे सांगून भगत मोकळा होतो. हे सांगणे नेहमी लबाडीचेच असते असे मी म्हणणार नाही. १९७४ साली नागपुरात एका उच्चशिक्षित मराठी स्त्रीच्या ठायी शारदा नावाची बंगाली बोलणारी स्त्री प्रकटू लागली, कित्येक दिवस नांदू लागली. तिचा अभ्यास करणाऱ्यांनी पुनर्जन्मापासून दुभंगलेल्या मनापर्यंत सारे तर्क केले. या शारदेने कोणास दुखापत केली असती, तर समन्स कोणाच्या नावे निघाले असते?

कायदा एका देहात कितीजण नांदतात याची मोजदाद करीत नाही. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८४, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झाले आहे, एवढेच विचारते की, कृत्याच्या क्षणी मनोविकारामुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा असल्याचे, उमजण्याची कुवत त्या माणसात नव्हती काय; आणि हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. अमेरिकेतील ओहायोत १९७८ साली बिली मिलिगन अनेक व्यक्तिमत्त्वांच्या कारणावरून निर्दोष ठरला. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने पत्नीचा जीव घेतला होता; त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याची मुक्तता केली. ज्याचे भान खरोखर हरपले त्याला दंड करण्यात न्याय नाही, हे मला मान्य आहे.

परंतु वारे एकाच्याच अंगात येते, आणि हात दहाजणांचे उठतात. भगताने एखाद्या विधवेस भुताळी ठरविले, तर तिला मारझोड करणारे दीर आणि शेजारी पुरते शुद्धीवर असतात. ‘देवाने सांगितले’ ही त्यांची कैफियत कोणत्याही न्यायासनापुढे टिकण्याजोगी नाही, आणि खरी अनीती मला तेथेच दिसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून इतरांना धाक घालणे हा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. फिर्याद जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते.