हरण्यासाठीही कोर्ट लागतं

मी करंजाडेला राहतो. माझ्या मतावर आमदार निवडून येतो आणि तो आमदार राष्ट्रपतीपदासाठी मत देतो. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. पण राष्ट्रपतीच्या निवडणुकीत गडबड झाली असं मला वाटलं, तरी मी कोर्टात जाऊ शकत नाही. याचिका एकतर उमेदवाराने करायची, नाहीतर किमान २० खासदार-आमदारांनी मिळून.

१९५७ मध्ये ही अट १० मतदारांची होती. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे तेव्हा दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणुकीआधी गेले, तर उत्तर मिळालं की आधी निवडणूक होऊ दे. नंतर गेले, तर ही अट आडवी आली. राज्यघटना सगळ्या शंका आणि वाद न्यायालयाकडे सोपवते, मग कायदा मध्ये अटी कशा घालतो, हा त्यांचा प्रश्न होता. निवडणुकीला आव्हान देण्याचा हक्क कायद्यातून येतो, म्हणून कायद्याच्या अटींसकटच येतो, असं न्यायालय म्हणालं. खरे हरले.

यात अन्याय आहे का? मला तसं वाटत नाही. आमच्या कामातही प्रॉडक्शन सर्व्हरचा ॲक्सेस मोजक्यांनाच असतो. कोणीही, कधीही आव्हान देऊ लागला तर निकाल कधीच पक्का होणार नाही. शिवाय अरुंद दारातूनही आत जाता येतं. १९६९ च्या निवडणुकीविरुद्धच्या खटल्यात राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी पदावर असताना स्वतः साक्ष दिली. याचिका फेटाळल्या गेल्या, पण तपासणी झाली.

१० ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणीत, जे झालं ते वेगळं होतं. ३९ व्या घटनादुरुस्तीने हे वाद सर्वोच्च न्यायालयाकडून काढून घेतले. ते कोणी सोडवायचे हे संसद ठरवणार होती आणि त्या कायद्याला किंवा त्या निर्णयाला कुठल्याच कोर्टात आव्हान देता येणार नव्हतं. याच दुरुस्तीतलं पंतप्रधानांची निवडणूक वाचवणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला रद्द केलं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचे वाद न्यायालयाकडे परत यायला मात्र १९७८ ची ४४ वी दुरुस्ती लागली.

म्हणून कोणत्याही मर्यादेबद्दल मी एकच गोष्ट बघतो. ती मर्यादा योग्य आहे का, हे कोर्टात विचारता येतं का? खरे हरले, पण त्यांचा हा प्रश्न ऐकून घेतला गेला. १९७५ मध्ये तो विचारायलाच बंदी झाली.

तरी एक गोष्ट खटकते. उमेदवार सोडले, तर तक्रार करू शकणारे तेच आहेत ज्यांनी मतं दिली. ते सगळे गप्प बसले, तर माझ्या हातात पुढच्या विधानसभेचं मत तेवढं उरतं.