हिंसेपूर्वीची जबाबदारी

हिंसा घडल्यावर दोषी कोण, हे न्यायालय ठरवते. ती घडण्याआधी जो माणूस आतून धुमसत होता किंवा खचत होता, त्याच्या भोवतालच्यांचे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे येत नाही. तो धर्म आणि नीती यांच्या वाट्याला येतो. बीदर जिल्ह्यातल्या कमठाण्यासारख्या गावात तो जास्तच टोचतो. कुणाचे कुणाशी बिनसले, कोण बोलेनासा झाला, कुणाच्या घरातून रात्री आरडाओरडा ऐकू येतो, हे अशा गावात भावकीला, शेजाऱ्यांना आणि पारावर बसणाऱ्यांना बहुधा ठाऊक असते. कर्तव्य कुणाचे, एवढेच ठरलेले नसते.

असे कर्तव्य मानण्यावरचा जुना आक्षेप कर्मसिद्धान्ताचा आहे: ज्याचे त्याने भोगावे, दुसऱ्याने मध्ये पडू नये. हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण अर्धवट. दिसत असून न पाहणे हेही कर्मच ठरते. दुसरा आक्षेप याच मातीतला आहे. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनाचा रोख, जगाला सुधारण्याआधी स्वतःला सावरावे, असा आहे. शेजाऱ्याच्या दुःखावर रडणाऱ्यांचीही त्यात गय नाही. वरवर हे अलिप्ततेचे समर्थन वाटते. पण त्याच बसवण्णांच्या कल्याणात अनुभव मंटप होता, आणि परंपरेनुसार अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली शरण, म्हणजे या पंथातले साधक, तिथे एकमेकांच्या साधनेची कठोर तपासणी करीत. वचनातला राग दिखाऊ कळवळ्यावर आहे, असे मानणेच सयुक्तिक. त्या सभेची मर्यादाही कल्याणातच दिसली. हरळय्या आणि मधुवरस यांच्या घराण्यांतला आंतरजातीय विवाह, त्याबद्दल राजा बिज्जळाने दिलेली क्रूर शिक्षा आणि पुढे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेली बिज्जळाची हत्या परंपरा एकाच ओघात सांगते. एकमेकांची मने ओळखणाऱ्यांनाही संतापाचा सूड होताना थोपवता आला नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये, नाझी राजवट संपल्यावर, दोषाचे चार प्रकार मांडले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिक. न पाहणाऱ्या शेजाऱ्याचा दोष मुख्यतः तिसऱ्या प्रकारात बसतो, आणि त्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या विवेकानेच करायचा असतो. ही अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर सामूहिक जबाबदारीच्या नावाखाली गाव गुन्हेगाराच्या आईलाच कोंडीत पकडते आणि स्वतः मोकळे होते.

लक्ष ठेवणे म्हणजे संशय घेणे नव्हे, हे बीदर जिल्ह्याने फार महागात शिकले. १३ जुलै २०१८ रोजी औराद भागातल्या मुरकी येथे जमावाने हैदराबादहून आलेल्या एका तरुणाला ठार केले. त्याचे सोबती जखमी झाले. त्यांच्यातल्या एकाने मुलांना चॉकलेट दिले होते, आणि व्हॉट्सॲपवर मुले पळवणाऱ्यांची अफवा फिरत होती. गावे इथे बेसावध नव्हती. त्यांची नजर परक्यावर होती, आणि त्या नजरेत विचारपूस नव्हती. अस्वस्थ माणूस बहुतेक वेळा परका नसतो. तो घरातला, ओळखीचा असतो, आणि नेमका त्याच्याकडेच कानाडोळा होतो.

धर्माने या लक्षासाठी एक जागा मात्र राखली आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरला, भीमा-अमरजेच्या संगमाजवळ, दत्तभक्त कुटुंबे 'बाधा' झालेल्या माणसाला घेऊन येतात. आरतीच्या वेळी तो ओरडला, घुमला तरी कुणी लाजत नाही. शेजारी दुसरे कुटुंब तेच सोसत असते. ही मोठी सोय आहे. पण कारण 'बाहेरचे' ठरले की घरातली मारहाण, कर्ज, दारू यांबद्दल कुणी विचारत नाही आणि उपचार लांबतात. तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये अशाच श्रद्धास्थानाजवळच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मनोरुग्णाच्या हातून हिंसा होण्यापेक्षा त्याच्यावर ती होण्याची शक्यता अधिक असते.

उपचाराची वाट कर्नाटकातच चाचपली गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रातला साधा डॉक्टर आणि आरोग्यसेवकही मानसिक आजार ओळखू शकतात, हे निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात बेल्लारी जिल्ह्यात दाखवले. १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचे दिसल्यास ते पोलिसांना कळवणे हे कोणत्याही व्यक्तीचे कर्तव्य आहे. भटकणाऱ्या असहाय रुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचे नसते, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे असते.

कायद्याने न सोडवलेला प्रश्न विश्वासाचा आहे. कुणी जंगमापाशी, मौलवीपाशी किंवा जिवलग मित्रापाशी मन मोकळे केले, तर ऐकणाऱ्याने ते गुपित मोडावे का? नेमक्या कुणाच्या, किंवा त्याच्या स्वतःच्याच, जिवाला धोका दिसत असेल तर मोडावे, आणि शक्य असल्यास त्याला सांगून मोडावे. नुसता संताप किंवा निराशा असेल तर ती गावभर करू नये. पारावर चघळली गेलेली गोष्ट त्या माणसाला पुन्हा कुणापाशी बोलू देत नाही.