खेळ एक, धनी चार

पॅरिसच्या र्‍यू सेंत-ओनोरे या रस्त्यावर २२९ क्रमांकाच्या इमारतीत, मागच्या बाजूला, एका फ्रेंच क्रीडासंघटनेची कचेरी होती. २१ मे १९०४ रोजी तिथे काही गृहस्थ जमले आणि त्यांनी फुटबॉलची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तीच आजची फिफा. फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्पेन, स्वीडन आणि स्वित्झर्लंड असे सात देश संस्थापक ठरले. त्यांतल्या स्पेनमध्ये तर राष्ट्रीय फुटबॉल महासंघच नव्हता, त्याच्या वतीने माद्रिदचा एक क्लब होता. ज्यांनी हा खेळ जगाला दिला ते इंग्रज आलेच नाहीत. पहिला अध्यक्ष झाला रोबेर गेराँ, वय अवघे २७, पेशाने ‘ल मातँ’ या दैनिकाचा पत्रकार. वार्षिक वर्गणी ठरली पन्नास फ्रँक.

त्या दिवशी मान्य झालेल्या नियमांतला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. सदस्य महासंघ एकमेकांनाच मान्यता देतील, आणि फक्त एकमेकांनाच. म्हणजे एका देशात फुटबॉलचा महासंघ एकच. कोणताही क्लब किंवा खेळाडू एकाच वेळी दोन घरचा पाहुणा राहू शकणार नाही. लिहायला दोन ओळी लागल्या असतील, पण जगाच्या फुटबॉलचा सगळा कारभार आजही त्याच पायावर उभा आहे.

हा नियम आपल्या किती जवळचा आहे, ते ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याला कळले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेला, फिफाने त्याला त्रयस्थाचा हस्तक्षेप ठरवले आणि भारताला निलंबित केले. ते निलंबन अकरा दिवसांत उठले. मडगाव आणि नवी मुंबईत व्हायचे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने वाचले. पण आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना मैदानात न उतरताच परत यावे लागले. भांडण कचेरीतले होते आणि किंमत मोजली ती बूट बांधून बसलेल्या मुलींनी. हे नवे नाही. या नियमाचा पहिला मोठा फटका बसला तो हा नियम लिहिणाऱ्या फ्रान्सलाच, आणि तिथेही किंमत मोजली ती खेळाडूंनीच.

र्‍यू सेंत-ओनोरेवरची ती संघटना १८८७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचा फुटबॉलशी काही संबंध नव्हता. धावण्याच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबांचा तो संघ होता. दोन वर्षांनी सगळेच मैदानी खेळ तिच्या छत्राखाली आले आणि नावही तसेच बदलले. लांबलचक फ्रेंच नाव टाळून आपण तिला ‘युनियन’ म्हणू. तिचे सरचिटणीस होते पिएर द कुबेर्तँ, ज्यांनी पुढे ऑलिंपिक उभे केले तेच. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली होती. आमची मुले पुस्तकात मान घालून बसतात, त्यांची शरीरे आणि मने कणखर करायची तर इंग्लंडच्या निवासी शाळांसारखे खेळ हवेत, अशी कुबेर्तँ यांची धारणा होती. ती त्यांनी मनापासून बाळगली, त्यासाठी आयुष्य वेचले. मात्र त्या विचारात खेळ हे साधन होते, आणि घडवायची होती ती मुले सुखवस्तू घरातली, सरकारी लिसेत, म्हणजे माध्यमिक शाळेत, शिकणारी.

म्हणून युनियनचा जीव रग्बीवर होता. १८९२ साली रग्बीचे पहिले फ्रेंच अजिंक्यपद ठरले, रासिंग आणि स्ताद फ्रांसे या क्लबांतल्या त्या सामन्याला पंच होते स्वतः कुबेर्तँ. त्या काळी नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की बहुतेक फ्रेंच माणसांच्या डोळ्यांपुढे अंडाकृती चेंडू यायचा. गोल चेंडूकडे युनियन संशयानेच पाहत होती. इंग्लंडमध्ये १८८५ पासून त्यात पगारी खेळाडूंना रीतसर परवानगी होती, आणि पैसा शिरला की खेळातून चारित्र्य घडायचे थांबते, असे युनियनचे ठाम मत होते.

पण गोल चेंडू परवानगीची वाट पाहत थांबला नाही. ल हाव्रच्या बंदरात १८७२ मध्येच इंग्रजांनी क्लब काढला होता. पॅरिसमध्ये नोकरीधंद्यासाठी आलेल्या ब्रिटिशांनी १८९० च्या आसपास स्टँडर्ड, गॉर्डन, व्हाइट रोव्हर्स असे क्लब उभे केले. फ्रेंच पोरांनी १८९२ मध्ये आपला वेगळा काढला आणि त्याचे नाव अभिमानाने ठेवले ‘क्लब फ्रांसे’. अखेर १८९४ साली युनियनने पॅरिसच्या सहा क्लबांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली. अंतिम सामना स्टँडर्ड विरुद्ध व्हाइट रोव्हर्स, २-२ बरोबरी, पुन्हा खेळल्यावर स्टँडर्ड २-० ने विजयी. फ्रान्सच्या पहिल्या फुटबॉल अंतिम सामन्यातले दोन्ही संघ ब्रिटिशांचे होते.

दुसरीकडे हा खेळ एका वेगळ्याच अंगणात रुजत होता. फ्रान्सच्या गावोगावच्या चर्चच्या छत्राखाली मुलांची मंडळे चालत, त्यांना ‘पात्रोनाज’ म्हणत. रविवारी प्रार्थना झाली की पाद्री मुलांना पटांगणावर जमवत. चर्चच्या पटांगणावर वाढलेला फुटबॉल गोव्यातल्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. डॉक्टर पॉल मिशो या शल्यविशारदाने या मंडळांचा एक महासंघ बांधला होता. डिसेंबर १९०५ मध्ये फ्रान्समध्ये चर्च आणि शासन यांची फारकत करणारा कायदा झाला आणि देश उभा चिरला गेला. ही चीर मैदानापर्यंत पोहोचली. एकाच गावात शाळामास्तरांचा एक क्लब आणि पाद्रीबाबांचा दुसरा, हे चित्र नेहमीचे झाले. युनियनने कॅथलिकांशी संबंध तोडले, कॅथलिकांनी गोल चेंडू घट्ट धरला.

त्याच डिसेंबरात ओसेर नावाच्या लहानशा शहरात एर्नेस्त देशाँ या पाद्रीने मुलांसाठी एक क्लब काढला. तो क्लब १९९६ मध्ये फ्रान्सचा विजेता झाला आणि त्याच्या मैदानाला आजही या पाद्रीचे नाव आहे. कुबेर्तँच्या लिसेपासून हे जग फार दूर होते. म्हणूनच या संघटनांच्या फाटाफुटीला नुसते दूषण देऊन मोकळे होणे मला पटत नाही. गावातल्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या पोरापर्यंत चेंडू पोहोचला तो या स्पर्धेपायीच. एकट्या युनियनच्या हातात सगळे असते, तर तो तिथवर जायला आणखी एखादी पिढी लागली असती.

मात्र फाटाफूट राष्ट्रीय संघापर्यंत येते तेव्हा काय होते तेही पाहावे लागेल. १ मे १९०४ रोजी, फिफाच्या स्थापनेच्या तीन आठवडे आधी, फ्रान्सने ब्रसेल्सजवळ बेल्जियमशी पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तो ३-३ असा सुटला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये स्वित्झर्लंडला १-० ने हरवले. पण निवड युनियनच्या हातात होती आणि ती फक्त युनियनच्या खेळाडूंतून व्हायची. पात्रोनाजमधला पोरगा कितीही चांगला खेळो, देशाचा सदरा त्याच्या नशिबी नव्हता. २२ ऑक्टोबर १९०८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने या संघाला १७-१ असे चिरडले. सोफुस नील्सनने एकट्याने दहा गोल केले. तीन दिवस आधी फ्रान्सचाच दुसरा संघ डेन्मार्ककडून ९-० ने हरला होता. त्या पराभवाचे एकच कारण सांगता येणार नाही, डेन्मार्क खरोखरच उत्तम संघ होता. पण देशातल्या खेळाडूंचा एक मोठा वर्ग बाजूला ठेवून उभा केलेला संघ देशाचा नसतो, एवढे तरी त्या गोलफलकाने सांगितले.

त्याच वर्षी युनियनने आपल्या हाताने आपला पाय तोडला. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या प्रश्नावरून हौशी क्लबांनी १९०७ साली वेगळी चूल मांडली होती. त्यांना फिफाने घ्यावे असा युनियनचा आग्रह होता. फिफाने नकार दिला: इंग्लंडचा महासंघ आधीच सदस्य आहे, आणि एका देशाला एकच. तत्त्वासाठी युनियन फिफातून बाहेर पडली. चार वर्षांपूर्वी तो नियम तिच्याच कचेरीत, तिच्याच टेबलावर लिहिला गेला होता. रिकाम्या जागेसाठी उमेदवार तयार होता. कॅथलिक महासंघाचे तरुण सरचिटणीस शार्ल सिमाँ यांनी १९०७ मध्येच वेगवेगळ्या महासंघांची एक सामाईक समिती बांधली होती. तिच्यात पात्रोनाज होते, सायकल आणि मैदानी खेळांचा महासंघही होता. १९०८ सरता सरता फिफात फ्रान्सची खुर्ची या समितीकडे गेली.

याचा अर्थ रुबेच्या खेळाडूला विचारावा. रुबे हे अगदी बेल्जियमच्या सीमेला लागून असलेले गिरण्यांचे शहर. तिथल्या रासिंग क्लबने १९०२ पासून १९०८ पर्यंत पाच वेळा युनियनचे अजिंक्यपद मिळवले होते. शेजारचे बेल्जियन क्लब हे त्यांचे रोजचे प्रतिस्पर्धी. आता ते दार बंद, कारण बेल्जियम फिफात आणि रुबेचा क्लब फिफाबाहेरच्या युनियनमध्ये. राष्ट्रीय संघाचे दारही बंद. आधी देशाच्या संघात पात्रोनाजची पोरे नव्हती, आता युनियनची नव्हती. बाजू बदलली, अन्याय तोच राहिला.

क्लबांची सहनशक्ती संपली. १९१० मध्ये काही क्लब युनियन सोडून निघाले आणि त्यांनी स्वतःची ‘लीग’ काढली. तिचे अध्यक्ष होते झ्यूल रिमे. किराणा दुकानदाराचा हा मुलगा वकील झाला आणि १८९७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये ‘रेड स्टार’ हा क्लब काढला. रिमे श्रद्धाळू कॅथलिक होते, पण त्यांचे मैदान सर्व थरांसाठी उघडे होते आणि खेळणाऱ्याला पैसे मिळाले तर तो भ्रष्ट होतो असे ते मानत नव्हते. कष्टकऱ्याला खेळायचे तर त्याची बुडालेली मजुरी कुणीतरी भरून द्यायला हवी, हे ज्याला कळते त्यालाच मी खेळाचा खरा संघटक म्हणेन. लीग सिमाँच्या समितीत गेली. जानेवारी १९१३ मध्ये युनियनही मान खाली घालून त्याच समितीत आली.

दीड वर्षात युद्ध पेटले. १५ जून १९१५ रोजी अरासजवळच्या आघाडीवर शार्ल सिमाँ मारले गेले. त्यांच्या जागी आंरी देलोने काम पाहू लागले. १९१७ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, समितीने सिमाँच्या स्मरणार्थ एक चषक जाहीर केला. स्पर्धेची अट एकच आणि क्रांतिकारक: तुमचा क्लब कुठल्याही महासंघाचा असो, पाद्रीबाबांचा असो, युनियनचा असो की लीगचा, या. ४८ क्लब आले. ५ मे १९१८ रोजी पॅरिसच्या ऑलिव्हिए द सेर रस्त्यावरच्या मैदानात ऑलिंपिक द पांतँने ल्योंच्या क्लबला ३-० ने हरवले. त्या वसंतात जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचे गोळे पॅरिसवर पडत होते. तरी दोनेक हजार माणसे सामना पाहायला आली. त्यांच्यात कोण कुठल्या महासंघाचा, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारले नसेल अशी माझी कल्पना आहे.

७ एप्रिल १९१९ रोजी समितीचे रूपांतर फ्रेंच फुटबॉल महासंघात झाले. रिमे अध्यक्ष, देलोने सरचिटणीस. युनियनचे तुकडे होऊन प्रत्येक खेळाचा स्वतंत्र महासंघ निघाला. रिमे १९२१ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले आणि १९३० चा पहिला विश्वचषक त्यांच्याच काळात झाला. युरोपीय अजिंक्यपदाच्या चषकाला देलोने यांचे नाव आहे.

या इतिहासातून मी एवढेच म्हणू शकतो: एकमेव असण्याचा हक्क कागदावरच्या मान्यतेने मिळत नाही. युनियनकडे १९०४ मध्ये ती मान्यता होती, तरी फ्रान्सचा फुटबॉल तिचा झाला नाही, कारण तिने अर्ध्या देशाला दाराबाहेर ठेवले होते. समितीला तो हक्क मिळाला, कारण तिने सगळ्यांना एका मैदानावर आणले. आणि ज्याच्या हाती एकच दार आहे त्याने ते बंद ठेवले तर बाहेर उभ्या असलेल्यांना दुसरे दारच नसते, हेही विसरता येत नाही. १९१७ मध्येच पॅरिसच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या होत्या. आलीस मिलिया यांच्या पुढाकाराने फ्रेंच मुलींचा संघ १९२० मध्ये इंग्लंडला जाऊन हजारो प्रेक्षकांपुढे खेळला. नव्या महासंघाने त्यांना आपले म्हटले नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या व्हिशी सरकारने १९४१ मध्ये त्यांच्यावर बंदीच घातली. महासंघाने महिला फुटबॉलला मान्यता दिली ती १९७० मध्ये, आपल्या स्थापनेनंतर तब्बल ५१ वर्षांनी. रिमे आणि देलोने यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा डाग पुसता येणार नाही.

सिमाँच्या स्मरणार्थ सुरू झालेला चषक आजही खेळला जातो. त्याला ‘कुप द फ्रान्स’ म्हणतात आणि ४८ क्लबांची ती स्पर्धा आता सात हजारांवर क्लबांची झाली आहे. ७ मे २००० रोजी तिच्या अंतिम सामन्यात कॅले बंदरातल्या चौथ्या श्रेणीतल्या हौशी खेळाडूंचा क्लब नांतच्या व्यावसायिक संघापुढे उभा होता. शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर नांत २-१ ने जिंकला. चषक घ्यायची वेळ आली तेव्हा नांतचा कर्णधार मिकाएल लांद्रो याने कॅलेच्या कर्णधाराला जवळ बोलावले, आणि दोघांनी मिळून तो वर उचलला.